पोळ्याचं पाणी निवळलं, सतरंजीचं नाही

परतूर तालुक्यात दुधनेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या कडेला सूत रंगवण्याचं एक शेड आहे. पत्र्याचं छप्पर, दोन मोठे हंडे, सिमेंटचे तीन हौद, एक बोअर आणि ओल्या लडींच्या ओझ्याने वाकलेले बांबू. माणसं घरातलीच. मालकाला सगळं गाव मामा म्हणतं. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी, म्हणून मीही मामाच म्हणतो. तालुक्याच्या कॉलेजात वर्षानुवर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच कामांसाठी बोलावतात: पोराचे मार्क कमी का पडले ते सांगायला, नाही तर विहिरीचं पाणी बघायला. मामांनी बोलावलं ते पाण्यासाठीच, पण पाणी विहिरीचं नव्हतं.

शेडचं काम दोन हंगामांत चालतं. ज्येष्ठापासून श्रावणाच्या अमावास्येपर्यंत पोळ्याचं काम: बैलांचे गोंडे, माळा, झुलीच्या झालरी. त्याला लागते ती बाजारातली लोकर, म्हणजे खरं तर ॲक्रिलिकचा धागा. रंग भडक हवा, राणी, पोपटी, जांभळा. दिवाळीनंतर मात्र सुती काम. सतरंज्यांसाठी लाल, निळं, काळं सूत, लग्नसराईपर्यंत. दोन्ही हंगामांचं वापरलेलं पाणी एकाच नालीने शेजाऱ्याच्या बांधाकडेने ओढ्यात जायचं. शेजारी, त्यांना काका म्हणू, दोनतीन वर्षं तक्रार करत होते. पाणी रंगीत, म्हणून तक्रार रंगाचीच असणार, असं मामांनी धरलं आणि मीही धरलं. ही पहिली चूक.

काळी मातीच का

मातीने रंग धरून ठेवणं ही काही नवलाची गोष्ट नाही. मुलतानी मातीने तेलकटपणा निघतो हे आपल्या आज्यांना माहीत होतं. तशा माती, म्हणजे बेंटोनाइट वगैरे, राजस्थानातून आणि कच्छमधून पोत्यांनी येतात. पण आपल्या पायाखाली जी काळी भारी माती आहे, तिच्यातला मुख्य चिकण खनिजाचा गट तोच आहे: स्मेक्टाइट, त्यातलं नेहमीचं नाव माँटमोरिलोनाइट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जो लाव्हा पसरला, त्याच्या बेसॉल्टची झीज होऊन ही माती झाली. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल अशा भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती फुगून पायाला चिकटते, त्याचं कारण हेच खनिज. त्याचे पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि मधल्या फटीत पाणी शिरतं.

या पापुद्र्यांवर कायमचा ऋणभार असतो. तो भागवण्यासाठी मातीने कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखे धनभारित आयन धरून ठेवलेले असतात, आणि दुसरा धनभारित आयन आला की ती एक सोडून दुसरा धरते. यालाच धन आयन विनिमय म्हणतात. भारी काळ्या मातीत ही क्षमता १०० ग्रॅमला साधारण ४० ते ६० मिलीइक्विव्हॅलंट (धरलेल्या भाराचं माप) असते. मेथिलीन ब्ल्यू हा धनभारित रंग, त्याच्या आयनाचं वजन सुमारे २८४, क्लोराइड धरून ३२०. हिशेब केला तर एक ग्रॅम मातीने कागदावर १३० ते १९० मिलिग्रॅम रंग धरायला हरकत नाही. मातीतलं चिकण खनिज मोजायला प्रयोगशाळेत मेथिलीन ब्ल्यूच वापरतात, तेही याच कारणाने.

हे सगळं मला पाठ होतं. मी वहीवर हिशेब करून मामांना दाखवला आणि छाती थोडी पुढे काढली.

पिंप तुंबलं

पहिला प्रयोग फसला, आणि तो मी शेतकऱ्याच्या घरात वाढलेलो असूनही फसला याची लाज जास्त वाटली. दोनशे लिटरच्या पिंपाला खाली भोक पाडलं, तळाला खडी, वर हातभर काळी माती, आणि वरून राणी रंगाचं पाणी सोडलं. पहिले दोन तांबे स्वच्छ निघाले. मग थेंब. मग काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी वर तसंच तुंबलेलं आणि खाली माती फुगून बूच बसलेलं. मामांची बहीण, जी रंगाचं माप कधी वजनकाट्यावर करत नाही आणि तिचं माप कधी चुकत नाही, ती म्हणाली, “सर, ह्याच मातीनं तर शेततळ्याचा तळ लिंपत्यात. त्यातून पाणी खाली कसं जाईल?”

काहींनी सुचवलं की माती भाजून घ्या, विटेसारखी, म्हणजे फुगणार नाही. खरं आहे, फुगणार नाही. पण सहाशे-सातशे अंशांच्या पुढे भाजली की पापुद्रे मिटून जातात आणि आयन धरण्याची ताकदही बरीचशी जाते. वीटभट्टीचा भुगा पाणी गाळतो, रंग धरत नाही.

तेव्हा गाळणीचा नाद सोडला आणि कालवण्याकडे वळलो. वाळलेली माती कुटून, पिठाच्या जाड चाळणीने चाळून, हौदातल्या पाण्यात टाकायची, बांबूने अर्धा तास ढवळायची, रात्रभर बसू द्यायची, सकाळी वरचं पाणी काढून घ्यायचं. शंभर लिटरला एक किलो मातीपासून सुरुवात केली. पोळ्याच्या त्या हंगामात हे इतकं सुरेख चाललं की मामांनी पाहुण्यांना दाखवायला बाटल्या भरून ठेवल्या. हौदात संध्याकाळी राणी, सकाळी खाली जांभळट चिखल आणि वर पिवळसर नितळ पाणी. ॲक्रिलिकच्या हंड्यात ॲसिटिक आम्ल घालावं लागतं, त्यामुळे ते पाणी आंबट असतं. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असल्याने तो आंबटपणाही निघून गेला. सामूची, म्हणजे पीएचची, पट्टी सातच्या आसपास आली.

एक गोष्ट मी तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. ॲक्रिलिकचे रंग मुळात धाग्यावर जवळजवळ पूर्ण चढतात. हंड्यात उरतो तो थोडाच, दिसतो मात्र भडक. म्हणजे मातीपुढे परीक्षाच सोपी होती.

दिवाळीनंतर

सुती हंगाम सुरू झाला तेव्हा मी पुण्याला मुलीकडे होतो. मामांचा फोन आला. “सर, माती बिघडली का हो?”

तोच हौद, त्याच रानातली माती, तेच ढवळणं. उलट माती या वेळी लवकर बसत होती, पाव तासात तळाला. पण वरचं पाणी आरशासारखं नितळ आणि गडद लाल. मामांनी माती दुप्पट केली, तिप्पट केली. काटकसर म्हणून एकदा पोळ्याचा जुना वाळलेला गाळच पुन्हा वापरला, तर पाण्यात लालाच्या जोडीला गुलाबी झाक आली. म्हणजे मातीने घेतलं काही नाही, जवळचं होतं तेही थोडं सोडलं.

आलो आणि रंगाच्या डब्यांवरची लेबलं वाचली. हे काम पहिल्या दिवशी करायचं असतं. पोळ्याच्या डब्यांवर ‘बेसिक’ लिहिलेलं, म्हणजे धनभारित रंग, राणीच्या डब्यावर ‘बेसिक व्हायोलेट १०’, म्हणजेच ऱ्होडामाइन बी. सुती डब्यांवर ‘रिॲक्टिव्ह’.

रिॲक्टिव्ह रंग १९५६ मध्ये बाजारात आले. ते सुताच्या सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतात, म्हणून पक्के. पण पाण्यात विरघळावेत म्हणून त्यांच्या रेणूला सल्फोनेटचे गट लावलेले असतात आणि ते ऋणभारित. मातीही ऋणभारित. दोघांचं जमणार कसं? रंग कोणता दिसतो याच्याशी मातीला देणंघेणं नाही, ती फक्त भार ओळखते.

शिवाय या रंगांची दुसरी खोड आहे. हंड्यात सोडा घातला की रंग सुताशी जसा जुळतो तसाच पाण्याशीही जुळतो. पाण्याशी जुळलेला रेणू सुताला कायमचा मुकतो. रंगारी त्याला मेलेला रंग म्हणतात. रंगाच्या जातीप्रमाणे दहा ते चाळीस टक्के रंग असा मरतो आणि धुण्याच्या पाण्यात निघून जातो. पोळ्याच्या पाण्यातली ती सोपी परीक्षा इथे नव्हती.

माती लवकर का बसली याचाही उलगडा झाला. सुती हंड्यात रंग सुतावर चढावा म्हणून मीठ, म्हणजे सोडियम सल्फेट, घालतात. पाण्यात मीठ भरपूर असलं की चिकणमातीचे कण एकमेकांना दूर ढकलायचे थांबतात, गोळा होतात आणि तळाला जातात. नितळपणा मिठाचा होता. त्या वेळी मी हे वाक्य वहीत लिहिलं आणि पुढच्या पानावर गेलो. तिथेच थांबायला हवं होतं.

कुंपणावरच्या बाटल्या

मग पंधरा दिवस मामांच्या कुंपणाच्या भिंतीवर काचेच्या बाटल्यांची रांग लागली. प्रत्येकीत १०० मिलिलिटर पाणी, एक ग्रॅम काही तरी. माझा विद्यार्थी उदगीरला असतो, त्याने बीदरच्या पठारावरची जांभ्याची तांबडी माती पिशवीभर आणली. जांभ्यात लोहाची ऑक्साइडं असतात, आणि त्यांचा भार पाण्याच्या सामूवर ठरतो: साधारण सात ते नऊच्या खाली धन, वर ऋण. म्हणजे आम्लात ती ऋणभारित रंग धरायला हवी. लाल रंग साध्या शुद्ध पाण्यात विरघळवून, व्हिनेगरने सामू पाचवर आणून पाहिलं, तर खरंच धरला. बाटली फिकी झाली. मामा खूश.

मग हौदातलं खरं पाणी घेतलं. त्याचा सामू साडेदहा. तिथे जांभाही ऋणभारित, सपशेल नापास. आम्ल घालून पाचवर आणलं तरी निकाल अर्धामुर्धाच. कारण पाण्यात रंगाच्या कितीतरी पट सल्फेट होतं, आणि लोहाच्या ऑक्साइडवरच्या जागांसाठी सल्फेटही रांगेत उभं असतं. संशोधनाच्या कागदांत माती जी कमाल करून दाखवते, ती बहुतेक वेळा शुद्ध पाण्यात एकच रंग विरघळवून. त्यात खोटं काही नाही. पण रंगाऱ्याच्या हंड्यात एकटा रंग कधीच नसतो.

वेरूळला दगडांच्या दुकानांत मिळतात ते झिओलाइटचे स्फटिकही एकाने सुचवले. तेही आयन बदलतात, पण त्यांची छिद्रं इतकी बारीक की अमोनिया आत जातो, रंगाचा जाडजूड रेणू दारातच अडतो. शोकेसमध्ये ठेवायला छान.

शेवटी सुती धुण्याच्या पाण्याचा रंग उतरला तो हिराकस आणि चुन्याने. गंमत म्हणजे हिराकस मामांच्या आजोबांच्या काळापासून घरात होता, हिरड्याबरोबर काळा रंग करायला. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. सोड्याच्या आणि चुन्याच्या पाण्यात त्याचा हिरवट-तपकिरी साका तयार होतो, तो रंगाला कवटाळून बसतो आणि काही रंगांचे रेणू तोडतोही. हजार लिटरला अर्धा ते एक किलो, पण दर घाण्याचं आधी बाटलीत पाहून. काळी माती इथे उरली ती फक्त साका जड करायला, मूठभर. एक सावधगिरी मी मामांना दोनदा सांगितली: तुटलेला रंग म्हणजे नाहीसा झालेला रंग नव्हे. ॲझो रंग तुटला की बिनरंगाची ॲरोमॅटिक अमाइन्स, त्यांतली काही विषारी, उरू शकतात आणि ती डोळ्यांना दिसत नाहीत. ते पाणी कुठल्याही विहिरीजवळ मुरवायचं नाही.

काका काय सांगत होते

हे सगळं झाल्यावर आम्ही नितळ पाण्याची बाटली घेऊन काकांकडे गेलो. जरा मिरवतच. काकांनी बाटली उन्हात धरली, परत दिली, आणि आम्हाला बांधावर नेलं.

नालीच्या कडेने दहा-बारा पावलं रुंद पट्टा. वर पांढुरकी बुरशी आल्यासारखी पावडर, खाली माती घट्ट, चकचकीत. जवळच पावसाचं जुनं पाणी साचून वाळल्याच्या खुणा. तूर दोन वीत वाढून पिवळी पडलेली.

“रंगाचं काय घेऊन बसलात?” काका म्हणाले. “रंग पावसात धुऊन जातो. रान चोपण झालंय माझं. पाणी मुरंना, नांगर चालंना.”

मी ज्या वाक्यावरून पुढचं पान उलटलं होतं ते हेच. हिशेब सोपा आहे आणि तो मी पहिल्या भेटीत करायला हवा होता. दहा किलो सूत, एकास वीस म्हणजे २०० लिटर पाणी. गडद रंगाला लिटरमागे ६० ग्रॅम ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे सोडियम सल्फेट: १२ किलो. वर लिटरमागे २० ग्रॅम धुण्याचा सोडा: ४ किलो. यातलं सुताला काहीच लागत नाही. सोळाच्या सोळा किलो बाहेर. सहा धुण्यांचं पाणी मिसळून १,४०० लिटर धरलं तरी लिटरला ११ ग्रॅमच्या वर, म्हणजे ११,००० मिलिग्रॅमच्या पुढे. कापड उद्योगाच्या सांडपाण्यासाठी २०१६ मध्ये केंद्राने जी मानकं काढली, त्यांत विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २,१०० मिलिग्रॅम आहे, सामू साडेसहा ते साडेआठ, आणि रंगाची मर्यादा वेगळी. माझी खिशातली टीडीएसची, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायची, पेन हंड्याच्या पाण्यात बुडवली तर आकडा दाखवायचंच नाकारत होती.

आता हे सोडियम काळ्या मातीत गेल्यावर काय होतं? जो गुण आम्ही हौदात वापरत होतो तोच रानात उलटतो. माती कॅल्शियम सोडते, सोडियम धरते. धरलेल्या आयनांत सोडियम साधारण १५ टक्क्यांच्या वर गेलं की जमीन चोपण समजतात. मिठाचं पाणी चालू आहे तोवर कण गोळा राहतात, फार कळत नाही. पहिल्या पावसाचं गोडं पाणी पडलं की सोडियमने भरलेले पापुद्रे सुटे होतात, भेगा-छिद्रं लिंपून टाकतात, आणि माझ्या पिंपात झालं होतं ते एकरात होतं. म्हणून काकांना त्रास दर पावसाळ्यात व्हायचा, जेव्हा नालीला सुती रंगाचं पाणी नसायचंच, आणि मामा म्हणायचे, आता तर आमचं सुती काम बंद आहे!

तमिळनाडूत तिरुपूरला नोय्यल नदीकाठच्या शेतकऱ्यांनी हाच लढा दिला. तिथली रंगकामं जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बंद करायला लावली, तेव्हा वादाच्या मुळाशी रंगाइतकंच, किंबहुना जास्त, क्षार होते. हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. परतूरजवळच्या बांधावर उभा राहीपर्यंत ते दूरचं वाटत होतं.

आता काय चालू आहे

माती मीठ काढत नाही. काळी नाही, तांबडी नाही, बेंटोनाइट नाही. पाण्यात सोडियम लिटरला कित्येक ग्रॅमने असेल तर मूठभर मातीची विनिमय क्षमता त्याला पुरत नाही. आणि जे सोडियम ती घेते त्याच्या बदल्यात कॅल्शियम देते, क्षार तेवढेच. हे एकदा मान्य केल्यावर कामं सुचली.

दोन्ही हंगामांचं पाणी आता वेगळ्या हौदांत जातं. पोळ्याचं काळ्या मातीत, पूर्वीसारखंच. गाळ वाळवून पोत्यात भरून पत्र्याखाली ठेवतात. तो रानात टाकायचा नाही आणि मिठाच्या पाण्याला दाखवायचा नाही, हे गुलाबी पाण्याने शिकवलंच आहे. पोत्यांचं पुढे काय करायचं हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीच्या कागदांबरोबर ठरेल, तो अर्ज केला आहे.

सुती कामात सगळ्यात मोठा फरक हंड्याने पडला. निमुळता खोल हंडा घेतला, त्यात दहा किलो सूत शंभर लिटरमध्ये भिजतं. मिठाचं प्रमाण पाण्यावर असतं, सुतावर नाही. त्यामुळे सोळा किलोचे आठ किलो झाले. लडी फिरवायला जड जातात, मामांच्या बहिणीचे खांदे दुखतात, डाग पडू नये म्हणून ती दुप्पट वेळा उलटते. हा खर्च कुठल्याही हिशेबात येत नाही, म्हणून इथे लिहिला.

मीठ बहुतेक पहिल्या हंड्याच्या आणि पहिल्या धुण्याच्या पाण्यात असतं. ते दोनशे लिटर आता शेडमागच्या उथळ हौदात जातं. वीस फूट बाय पंधरा, खाली शेततळ्याचा प्लॅस्टिक कागद. वैशाखात आपल्याकडे रोज सेंटिमीटरभर पाणी उडतं. एवढ्या हौदातून पावणेतीनशे लिटर. थंडीत निम्म्याहून कमी, त्यामुळे पौषात कामच आवरतं घ्यावं लागतं. सुती हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो हे मामांचं नशीब. मृगाच्या आधी हौद कोरडा करून झाकला नाही तर सगळं पाण्यात. उरलेल्या धुण्यांचं पाणी हिराकस-चुन्याने रंग काढून, सामू सातआठवर आणून साठवतात आणि पुढच्या घाण्याच्या पहिल्या धुण्याला वापरतात. नालीत काही सोडत नाहीत. नाली मामांनी स्वतः बुजवली.

काकांच्या पट्ट्याची माती तपासून घेतली, तपासणीप्रमाणे जिप्सम टाकलं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं, पण हुसकावलेलं सोडियम खाली धुऊन न्यायला चांगला पाऊस आणि निचरा दोन्ही लागतात. त्यासाठी बांधाकडेने चर खणला. जिप्समचे पैसे मामांनी दिले, चराची मजुरी काकांनी. यावर दोघांत चार दिवस बोलणं बंद होतं.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा उन्हाच्या हौदात तळाला मळकट लालसर खडे जमले होते. मामा पत्र्याच्या तुकड्याने ते खरवडून डब्यात भरत होते. काळ्या रंगाच्या घाण्याला नव्या मिठाऐवजी हेच चालतं का, ते एका लडीवर पाहायचं होतं त्यांना. लाल रंगाला नाही चालणार, पण काळ्याला थोडी लाल झाक आली तर सतरंजीत कोणाला कळतंय, असं त्यांचं म्हणणं. बहिणीने लड हातात घेऊन उन्हात धरली आणि म्हणाली, “मला कळतंय.”